मूर्तिजापूरला गाडी बदला

अचलपूरला जायचं म्हणजे मूर्तिजापूरला उतरणं आलं. मुंबई–नागपूर मार्गावरची गाडी तिथे दोन-चार मिनिटं थांबायची. तेवढ्यात वळकटी, पिशव्या, पोरंसोरं खाली घ्यायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या शकुंतलेत नेऊन कोंबायची. शकुंतला म्हणजे अडीच फुटी रुळांवरची वऱ्हाडातली छोटी गाडी. तिचा एक फाटा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला जाई, दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळला. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग उभारला तो मुख्यतः कापसासाठी. माणसं आपली सोबत जायची. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. ते १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालं आणि डिझेल आलं. आता दोन्ही फाटे बंद आहेत.

त्या फलाटाकडे हमालाच्या नजरेनं बघा. एका बाजूच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ७६२. डबा कितीही भक्कम असो, इंजिनात कितीही जोर असो, चाकांमधलं अंतर रुळाशी जुळत नसेल तर ती गाडी त्या रुळावर चढतच नाही. मग गाठ इकडून उचला, तिकडे टाका. इकडे अकोल्यात खंडवा–अकोला–पूर्णा या मार्गाचं मीटरगेज होतं, म्हणजे १००० मिलिमीटर. एकाच अकोला जिल्ह्यात तीन मापांचे रूळ नांदत होते आणि प्रत्येक मापाच्या हद्दीवर हमालांची पिढ्यान् पिढ्या सोय होत होती.

सॉफ्टवेअरच्या पुस्तकात हे रेल्वेपुराण कशाला, असं वाटेल. पण नवा प्रकल्प उघडताना व्हिज्युअल स्टुडिओ जी एक साधी यादी पुढे करतो आणि बहुतेक जण जिच्याकडे न बघता ‘नेक्स्ट’ दाबतात, ती यादी म्हणजे हेच रुळांचं माप आहे. तिला ‘टार्गेट फ्रेमवर्क’ म्हणतात.

कुठलाही प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. खिडकी दाखवणं, बटण रंगवणं, फाइल वाचणं, दोन तारखांमधले दिवस मोजणं, यासाठीचा तयार कोड कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. त्या तयार कोडचा मोठा संच म्हणजे फ्रेमवर्क. मायक्रोसॉफ्टच्या दुनियेत त्याचं नाव डॉट नेट. वापरणाऱ्याच्या यंत्रावर त्याचा जो चालता भाग असावा लागतो त्याला रनटाइम म्हणतात. आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा तो या संचाच्या कुठल्या आवृत्तीवर चालणार आहे हे प्रकल्पाच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवावं लागतं. मग कंपायलर त्या आवृत्तीत जे आहे तेवढंच वापरू देतो. तयार झालेला प्रोग्रॅमही सुरू होताना यंत्राला आधी तेच विचारतो: माझ्या मापाचा रूळ आहे का?

नसेल तर काय होतं, ते मी एका कापूस हंगामात शिकलो.

अकोट भागातल्या एका जिनिंगसाठी काट्याचा छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. काम किरकोळ. कापसानं भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन घ्यायचं. माल उतरवून रिकामी गाडी परत चढते, पुन्हा वजन घ्यायचं. वजाबाकी करून क्विंटल, भाव, शेतकऱ्याचं नाव अशी पावती छापायची. काट्याचा आकडे दाखवणारा डबा नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून वजन पाठवतो, ते वाचायचं. माझ्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११, व्हिज्युअल स्टुडिओ ताजा. डॉट नेट ८ त्यानं स्वतःच सुचवलं, मी मान डोलावली. घरी सगळं झकास चाललं. पेन ड्राइव्हमध्ये टाकून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या दिवाणजींचा फोन.

“भाऊ, तुमचं ते काट्याचं चालूनच नाही राह्यलं.”

“काऊन? काय म्हनते?”

“इंग्रजीत काहीतरी लिहून येते. दाबलं का निंगून जाते. बाहीर चार गाड्या उभ्या हायेत, लवकर सांगा काय करू.”

पडद्यावर आलेल्या त्या डबीवर काय लिहिलं होतं ते मला न बघताच समजलं. यंत्रावर हवी ती डॉट नेट नाही, उतरवून घ्या, असा तो मजकूर. उतरवूनही उपयोग नव्हता. जिनिंगच्या कार्यालयातला संगणक विंडोज ७चा, आणि डॉट नेट ८ला किमान विंडोज १० लागतं. त्या दिवशी पावत्या कार्बन लावून हातानं फाडल्या गेल्या. शेतकऱ्यांना काही फरक पडला नाही; उलट रांग लवकर सरकली, असं दिवाणजींनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

चूक कोडमध्ये नव्हती. मी गाडी बांधली ती माझ्या अंगणातल्या रुळाच्या मापाची. जायचं होतं तिथला रूळ मी बघितलाच नव्हता. त्या जिनिंगमध्ये मी दोनदा जाऊन चहा पिऊन आलो होतो. संगणकाच्या ‘कॉम्प्युटर’वर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुरुस्ती कागदावर एका ओळीची होती. सी शार्प भाषेच्या प्रत्येक प्रकल्पात ‘सीएसप्रोज’ या शेपटाची एक फाइल असते. ती नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात ‘टार्गेटफ्रेमवर्क’ या खुणेच्या पोटात ‘नेट८.०-विंडोज’ असं लिहिलेलं होतं, ते पुसून ‘नेट४८’ केलं. नेट४८ म्हणजे जुन्या घराण्यातलं डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, एप्रिल २०१९चं. विंडोज ७च्या सर्व्हिस पॅक १वर ते बसतं. ओळ बदलून प्रकल्प पुन्हा बांधायला घेतला आणि पडदा लाल झाला.

त्या लाल ओळींमध्ये खरं शिक्षण होतं. पहिली तक्रार भाषेची. टार्गेट फ्रेमवर्क बदललं की सी शार्पची आवृत्तीही आपोआप बदलते. डॉट नेट ८बरोबर सी शार्प १२ मिळते, तर ४.८बरोबर ७.३. मी सवयीनं लिहिलेल्या नव्या धाटणीच्या ओळी तिला ओळखू येईनात. दुसरी तक्रार नव्या साच्यानं परस्पर चालू केलेल्या सोयींची. त्या जुन्या भाषेला माहीतच नाहीत, त्यांच्या दोन ओळी फाइलमधून काढल्या. तिसरी गोष्ट मात्र उलट्या बाजूनं सुखाची निघाली. सिरियल पोर्ट वाचण्याचा कोड जुन्या फ्रेमवर्कमध्ये २.० आवृत्तीपासून घरचाच आहे. नव्या डॉट नेटमध्ये तो बाहेर काढून वेगळं पॅकेज केलाय, तो नूगेट या पॅकेजांच्या भांडारातून आणावा लागतो. म्हणजे नवीन म्हणजे जुनं अधिक काहीतरी, हा आपला समज इथे चालत नाही. नव्या घरात काही खोल्या जास्त असतात आणि काही मुळात नसतातच.

संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम तयार झाला. ४.८चा पूर्ण इन्स्टॉलर शंभर एमबीहून मोठा, जिनिंगमध्ये इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणून तोही पेन ड्राइव्हवर घेतला आणि स्वतः गेलो.

आता त्या नावांकडे वळू, कारण विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ तिथेच आहे. नेट४८ आणि नेट८.० यातलं नवं कुठलं? शाळेतलं गणित म्हणेल, अठ्ठेचाळीस. ते चूक आहे. डॉट नेट फ्रेमवर्कची १.० आवृत्ती २००२च्या फेब्रुवारीत आली. ते घराणं फक्त विंडोजचं. २.०, ३.५, ४.०, ४.५ असं चढत ते ४.८पर्यंत आणि २०२२मध्ये ४.८.१पर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. दरम्यान जून २०१६मध्ये डॉट नेट कोअर १.० नावाचं दुसरं घराणं सुरू झालं. हे लिनक्सवर आणि मॅकवरही चालणारं. ते ३.१पर्यंत आलं, आणि पुढची आवृत्ती ४ ठेवली तर जुन्या चाराशी घोळ होईल म्हणून एक आकडा गाळून नोव्हेंबर २०२०मध्ये थेट ५ आली. ‘कोअर’ हा शब्दही गळाला. तेव्हापासून दर नोव्हेंबरला एक आवृत्ती येते. सम आकड्याची असेल तर तिला तीन वर्षं आधार मिळतो, विषम असेल तर कमी. डॉट नेट ८चा आधार नोव्हेंबर २०२६ला संपतो. १० आलीये ती नोव्हेंबर २०२५मध्ये.

म्हणून ठिपक्याकडे बघायचं. नेट४८, नेट४७२ असं बिनठिपक्याचं नाव दिसलं की ते जुनं, विंडोजपुरतं घराणं. नेट६.०, नेट८.०, नेट१०.० असा ठिपका दिसला की नवं. हा ठिपका शोभेचा नाही. तो गाळून कोणी ‘नेट१०’ लिहिलं तर त्याचा अर्थ डॉट नेट फ्रेमवर्क १.० असा होतो, म्हणजे थेट २००२ साली जाऊन पोचाल. नावं ठेवणाऱ्यांनी इतका घोळ का घातला, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

वऱ्हाडातल्या कार्यालयांत, रासायनिक खतांच्या दुकानांत, पतसंस्थांत आणखी एक जुना पाहुणा भेटतो, तो म्हणजे ३.५. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम असतो. नवा संगणक घेतला, विंडोज १० किंवा ११ आलं, प्रोग्रॅम उघडला की विंडोज म्हणतं, हे चालवायला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ लागेल. मालक म्हणतात, अहो, यात ४.८ आहेच की, मोठा आकडा आहे! पण २.०, ३.० आणि ३.५ ही तीन भावंडं एका इंजिनावर चालतात, तर ४ पासून पुढची सगळी दुसऱ्या. ४.५, ४.६, ४.७, ४.८ या एकमेकांच्या जागी बसतात, म्हणून ४.५साठी लिहिलेला प्रोग्रॅम ४.८वर बहुधा मुकाट चालतो. ३.५चा तसा चालत नाही. त्याचं इंजिन वेगळं बसवावं लागतं. ते विंडोजच्या पोटात सोय म्हणून ठेवलेलं असतं, पण चालू केलं की ते फायली इंटरनेटवरून मागतं. इंटरनेट नसेल तर विंडोजच्या मूळ डीव्हीडीत ‘सोर्सेस’ फोल्डरच्या आत ‘एसएक्सएस’ नावाचा फोल्डर असतो, तिथून ते देता येतं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या संगणक दुरुस्तीवाल्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये हा फोल्डर नसेल तर तो या धंद्यात नवा आहे असं खुशाल समजा.

शकुंतलेच्या काळात मुंबईहून निघालेल्या डब्यालाच अडीच फुटी चाकं सोबत बांधून दिली असती तर? हास्यास्पद वाटतं, पण सॉफ्टवेअरमध्ये ते जमतं. नवी डॉट नेट दोन तऱ्हांनी प्रोग्रॅम बाहेर काढू देते. एका तऱ्हेत तुमचा प्रोग्रॅम काहीशे केबींचा असतो आणि रनटाइम समोरच्या यंत्रावर असेल असं गृहीत धरतो. हे खानावळीच्या भरवशावर प्रवासाला निघण्यासारखं. दुसऱ्या तऱ्हेत रनटाइमची शिदोरी प्रोग्रॅमसोबतच बांधून दिली जाते. समोर काही बसवलेलं नसलं तरी चालतं, पण गाठोडं साठ-सत्तर एमबींच्या पुढे जातं. मग शिदोरी कोणत्या यंत्रासाठी, हेही सांगावं लागतं: ३२ बिटांचं विंडोज, ६४ बिटांचं की लिनक्स. माझं मत विचाराल तर जिथे समोरच्या संगणकावर आपला ताबा नाही आणि इंटरनेट बेभरवशाचं आहे, तिथे शिदोरी बांधावी. एमबी स्वस्त आहेत. अकोट रोडवरची फेरी महाग आहे. मात्र शिदोरीनं विंडोज ७चा प्रश्न सुटला नसता. शिदोरी सोबत असली तरी खायला बसायला जागा लागते, आणि डॉट नेट ८ विंडोज ७च्या ओट्यावर बसायलाच तयार नाही.

दोन्ही मापांचे रूळ एकाच वाटेवर टाकण्याचीही सोय आहे. रेल्वेत असे तीन पट्ट्यांचे मिश्र रूळ काही ठिकाणी टाकत. प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘टार्गेटफ्रेमवर्क’ या शब्दाच्या शेवटी एक ‘एस’ लावायचा, अनेकवचन करायचं, आणि आत ‘नेट४८’ आणि ‘नेट८.०-विंडोज’ अर्धविरामानं तोडून दोन्ही लिहायचं. एकदा बांधलं की दोन प्रोग्रॅम दोन वेगळ्या फोल्डरांत तयार. जिथे दोघांचं पटत नाही तेवढ्या ओळींना अट घालायची: हे फक्त ४.८साठी, ते फक्त ८साठी. तो ‘एस’ विसरलेला असतो आणि माणूस दोन तास डोकं खाजवत बसलेला असतो, हे दृश्य मी आरशातही पाहिलं आहे. ही सोय पहिल्यांदा व्हिज्युअल स्टुडिओ २००८मध्ये आली, अर्थात आजच्यासारखी एका फटक्यात दोन नव्हे. निदान कुठल्या मापाची गाडी बांधायची ते निवडण्यापुरती. त्याआधी स्टुडिओ २००३ म्हणजे १.१ आणि २००५ म्हणजे २.०, अशी लग्नं आधीच ठरलेली असत.

आणि मालगाडीवरचे कंटेनर? गाठी सुट्या असल्या की प्रत्येक बदलाला हमाल लागतो, पण ठरलेल्या मापाच्या पेटीत भरल्या की पेटी तीच राहते, खालची गाडी बदलते. डॉट नेट स्टँडर्ड हे तसं ठरलेलं माप आहे. तो स्वतः चालणारा रनटाइम नाही, नुसता करार आहे: या यादीतल्या गोष्टी दोन्ही घराण्यांत मिळतील. ऑगस्ट २०१७मध्ये आलेली त्याची २.० आवृत्ती जुनं फ्रेमवर्क आणि नवी डॉट नेट दोन्ही पाळतात. २.१ जुन्या फ्रेमवर्कची कुठलीच आवृत्ती पाळत नाही. म्हणून वजाबाकी, भाव, कट्टी (कपात) यांचा जो हिशेबाचा भाग पडद्याशी किंवा पोर्टशी बोलत नाही, तो मी वेगळ्या छोट्या प्रकल्पात काढला आणि त्याचं टार्गेट ‘नेटस्टँडर्ड२.०’ ठेवलं. आज तो काट्यावर चालतो, उद्या मोबाइलवर नेला तरी चालेल.

प्रकल्पाच्या मांडणीबद्दल थोडं, कारण टार्गेटइतकाच त्रास तिथूनही येतो. २०१७पूर्वीची ही फाइल म्हणजे शेकडो ओळींची वंशावळ असे. प्रकल्पातली प्रत्येक फाइल नावानिशी नोंदलेली. दोघा विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी एकेक फाइल वाढवली की जोडताना भांडण ठरलेलं. नव्या धाटणीची फाइल दहा-बारा ओळींत संपते. फोल्डरात आहे ते आपलं, असं ती धरून चालते. तरी आंतरजालावरून उतरवलेले जुने प्रकल्प अजून फिरतातच. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जवळ आला की ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ आणि ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ नावाच्या अशा फायली या पेन ड्राइव्हमधून त्या पेन ड्राइव्हमध्ये जातात. स्टुडिओ २०२२मध्ये उघडल्या की तो म्हणतो, यातलं ४.५ माझ्याकडे नाही. त्यात ४.० ते ४.५.१ यांचे संदर्भसंच मिळणं बंद झालं आहे. तो ४.८ला चढवू का विचारतो. बहुतेक वेळा ‘हो’ म्हणायला हरकत नाही, पण आधी फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

तीन-चार जणांनी मिळून काम करायचं असेल तर आणखी एक कलह टळतो. एकाच्या घरी एसडीके १०, प्रयोगशाळेत ८. घरी बांधलेलं प्रयोगशाळेत तुटतं. त्यासाठी प्रकल्पाच्या वरच्या फोल्डरात ‘ग्लोबल डॉट जेसन’ नावाची इवलीशी फाइल ठेवून कुठलं एसडीके वापरायचं ते बांधून टाकता येतं. इथे एक भेद लक्षात ठेवावा. एसडीके म्हणजे गाडी बांधण्याचा कारखाना, टार्गेट म्हणजे गाडी ज्या रुळावर जाणार त्याचं माप. नव्या कारखान्यात जुन्या मापाची गाडी बांधता येते, उलटं नाही. आठचा कारखाना दहाच्या मापाची गाडी बांधून देणार नाही.

हे सगळं डॉट नेटपुरतंच आहे असं मात्र नाही. जावाच्या विद्यार्थ्यांना ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ अशी ओळ आणि तिच्यात ६१ आणि ५२ असे गूढ आकडे दिसतात. ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे जावा १७. सतराच्या मापानं बांधलेली गाडी आठच्या रुळावर आली, एवढाच त्याचा अर्थ. अँड्रॉइडवर याच्या दोन ओळी होतात. किमान एसडीके सांगते की किती जुन्या फोनपर्यंत जायचं, आणि टार्गेट एसडीके सांगते की कुठल्या आवृत्तीचे नियम पाळायचे. मेळघाटातल्या हरिसालचं उदाहरण घ्या. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजवलेलं, आणि २०१९च्या निवडणूक सभांमध्ये राज ठाकरे यांनी व्हिडिओ लावून दाखवल्यामुळे दुप्पट गाजलेलं हे धारणी तालुक्यातलं गाव. अशा गावातल्या आशाताईंच्या हातात असलेला पाच-सात वर्षांचा फोन चालावा असं वाटत असेल तर किमान एसडीके खाली ठेवावी लागते. दुसरीकडे गूगल प्लेनं ३१ ऑगस्ट २०२५पासून नव्या ॲपचं टार्गेट ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, असलंच पाहिजे असा नियम केला. खालचा आकडा गाव ठरवतं, वरचा कॅलिफोर्निया. दोन्ही एकाच फाइलमध्ये एकाखाली एक बसतात आणि त्यांच्यात भांडण होत नाही, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. हे न समजल्यामुळे किमान आकडाही उगाच चढवून ठेवणारे ॲपवाले मी बघितले आहेत. गावातले फोन मग ‘तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही’ एवढंच सांगतात.

आता पुन्हा रुळांकडे. रेल्वेनं १९९२मध्ये ठरवलं की देशभर एकच माप करायचं. अकोला–पूर्णा ब्रॉडगेज झाला. अकोला–अकोटही झाला आणि २०२२मध्ये त्यावर मोठी गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र जुना मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जात होता. धूळघाटचा तो प्रसिद्ध वळसा, दरीला फेर घालून स्वतःच्याच डोक्यावरून जाणारा मीटरगेज, तिथेच होता. वाघांच्या जंगलातून रुंद रूळ न्यायचा की जंगलाला वळसा घालायचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाला.

जिनिंगच्या कार्यालयात गेल्या हंगामाआधी नवा संगणक आला. विंडोज ११. ४.८चा माझा जुना प्रोग्रॅम त्यावर एक अक्षर न बदलता चालला, कारण ते फ्रेमवर्क विंडोज ११च्या पोटातच असतं. तरी मलाही रेल्वेसारखाच एकच माप करण्याचा हुरूप आला. म्हटलं, आता पूर्ण डॉट नेट १०वर नेऊ. हिशेबाचा भाग तसाच आला. पडदे एका दुपारी आले. सिरियल पोर्टसाठी पॅकेज जोडलं, आलं. अडलं ते पावती छापणाऱ्या यंत्रापाशी. त्याच्यासोबत आलेली एक डीएलएल फाइल २.०च्या काळात बांधलेली. ती आतून ‘रिमोटिंग’ नावाची एक जुनी सोय वापरते, आणि ती सोय नव्या घराण्यात ठेवलेलीच नाही. बांधताना काही तक्रार नव्हती, पण पहिली पावती छापायला गेलो आणि प्रोग्रॅम कोसळला. ज्यांनी ती फाइल दिली त्यांचं दुकान बंद झालंय. तिचा मूळ कोड कोणाकडे नाही.

मग दोन प्रोग्रॅम केले. मोठा १०वर. दुसरा वीतभर, ४.८वर, त्याचं काम फक्त पावती छापणं. मोठा प्रोग्रॅम एका फोल्डरात वजनाची छोटी फाइल टाकतो, लहानगा ती उचलतो आणि छापतो. दिवाणजींनी पडद्यावर दोन चित्रं पाहिली आणि विचारलं, “हे दोन काऊन?”

मी म्हटलं, “मूर्तिजापूर.”

ते हसले. त्यांची सासुरवाडी अंजनगावची. “मंग हमाल कोन हाय याच्यात?”

“तो फोल्डर.”

“बरं हाय,” ते म्हणाले, “चहा तं नाही मांगत.” बाहेर पहिली गाडी काट्यावर चढत होती.